जिल्ह्यातले हिवाळी पक्षी : पाहावेत कसे, मोजावेत कसे, कळवावेत कसे

डिकसळच्या पुलाच्या अलीकडे इंदापूर तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. पूल ओलांडून कोंढार चिंचोलीला पोचलात की करमाळा तालुका आणि सोलापूर जिल्हा. पाणी मात्र एकच, उजनी धरणाचं. याच पाण्याला वरच्या बाजूला अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुकाही लागतो. पट्टकादंबांचा (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा) थवा सकाळी एका जिल्ह्यात चरतो आणि दुपारी दुसऱ्या जिल्ह्यात पाणी पितो. त्याला सीमा नाही, नोंदीला मात्र आहे. "भिगवणला (उजनीकाठच्या गावी) भरपूर बदकं दिसली" एवढंच लिहिलं, तर कोणत्या काठावर, कधी, किती आणि कोणती हे चारही प्रश्न तसेच राहतात.

पक्षी पाहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं बहुतेक पुणे जिल्ह्यातली आणि उजनीच्या फुगवट्यातली आहेत, पण नाशिकचं नांदूरमध्यमेश्वर असो की तुमच्या गावचा पाझर तलाव, पद्धत बदलत नाही.

कधी जायचं

हिवाळी पाहुणे म्हटलं की लोक डिसेंबरची वाट बघतात. तिथंच पहिली चूक होते. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात, पाऊस सुरू असतानाच, करडा धोबी, हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी हे पाणकाठचे छोटे पक्षी ओढ्यांवर आणि भाताच्या खाचरांत येऊन पोचलेले असतात. भोरड्याही लवकर येतात आणि ज्वारी हुरड्यात आली की शेतकऱ्याला त्यांची वर्दी द्यावी लागत नाही. बदकांची खरी गर्दी ऑक्टोबरअखेरपासून वाढते आणि पट्टकादंब बहुतेक ठिकाणी थंडी मुरल्यावरच दिसू लागतात.

उजनीचं गणित वेगळं आहे, कारण तिथं पंचांगापेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरलेलं असतं. काठावर चिखल नाही आणि उथळ पाणीही नाही, मग रोहित (फ्लेमिंगो) उभे राहणार कुठे आणि टिलवे (चिखलात चरणारे छोटे पक्षी) चरणार कुठे? पाणी कालव्यांत आणि नदीत सुटू लागलं की पातळी उतरते, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत भरतो. पाऊस लांबला त्या वर्षी हे सगळं पुढे सरकतं. "यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत" अशी बातमी डिसेंबरात पसरली, तर आधी धरणात पाणी किती आहे ते बघा.

दिवसातली वेळ सूर्योदयापासून साडेनऊ-दहापर्यंतची. त्यानंतर पाण्यावरची हवा तापते, दुर्बिणीतलं चित्र लाटांसारखं हलू लागतं आणि दोनशे मीटरवरच्या टिलव्याच्या पायांचा रंग कुणालाच सांगता येत नाही. उभं राहताना सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी जमेल तितकं पूर्वेच्या काठावरून पाहायचं. सूर्य समोर असेल तर प्रत्येक बदक काळंच दिसतं. भोवत्या या शिकारी पक्ष्यांसाठी मात्र संध्याकाळ चांगली. दिवसभर माळावर घिरट्या घालणारे भोवत्ये सूर्य मावळायच्या सुमारास गवतात जमिनीवरच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्या गवतात शिरायचं नाही, रस्त्यावरूनच पाहायचं. माळ वन विभागाच्या ताब्यातला असेल तर आधी परवानगी घ्या.

जवळ काय असावं

८×४२ची दुर्बीण. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. १०×४२ घ्यायचा मोह होतो, पण हात थोडा हलला तरी तिच्यात चित्र जास्त थरथरतं आणि दिसणारं क्षेत्र कमी असल्यानं उडता पक्षी सापडत नाही. नवी दुर्बीण हातात आली की एकदा ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या. उजवं भिंग झाकून, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावं भिंग झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळचं छोटं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. हे न केल्यामुळे कित्येक जण वर्षभर धूसर पाहतात आणि दोष दुर्बिणीला देतात.

खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेनची शाई दवात फुटते. फोनमध्ये पक्ष्यांच्या नोंदी भरायचं ई-बर्ड ॲप आणि आपल्या भागाची पक्ष्यांची यादी घरूनच उतरवून घेतलेली, कारण काठावर रेंज मिळेल याचा भरवसा नाही. मळखाऊ रंगाचे कपडे. पाणी. बस.

ओळख : जिथं हमखास घोटाळा होतो

प्रत्येक पक्ष्याचं वर्णन इथं देण्यात अर्थ नाही, त्यासाठी पुस्तकं आहेत. नोंदी तपासताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, तेवढ्याच सांगतो.

ऑक्टोबरातली बदकं. नर बदकांचा रंगीत पिसारा आल्याआल्या नसतो. विणीनंतर ते पिसं टाकतात आणि काही आठवडे मादीसारखेच तपकिरी दिसतात. तेव्हा रंगावर जाऊ नका, चोच आणि घडण बघा. थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद असते आणि ती तपकिरी पिसाऱ्यातही लपत नाही. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद आणि फिक्या पट्ट्या ठळक असतात. चक्रांगाचा चेहरा त्यामानानं साधा, पण पंखावरचा हिरवा चट्टा दिसला तर शंका मिटते. आणि हळदी-कुंकू बदक आपल्याकडेच राहणारं आहे, ते हिवाळी पाहुण्यांच्या यादीत घालू नका.

तीन तुताऱ्या. पाणवठ्यावर सर्वांत जास्त चुका इथं होतात. हिरव्या तुतारीची पाठ गडद असते, ती उडाली की शेपटीच्या मुळाशी लख्ख पांढरं दिसतं आणि पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी. ठिपकेवालीच्या पाठीवर ठिपके, डोळ्यावर लांब पांढरी भुवई, पाय पिवळट आणि पंख खालून फिके. साध्या तुतारीच्या छातीच्या बाजूनं पांढरा रंग खांद्यापुढे वर चढलेला असतो, ती सतत मागचा भाग खालीवर हलवते आणि पंख ताठ ठेवून, थरथरत, पाण्यालगत उडते. शेपटीच्या मुळाशी पांढरं नाही, पण पंखावर पांढरी रेघ आहे. बसलेला पक्षी कळला नाही तर तो आपणहून उडेपर्यंत थांबा. दगड मारून उडवायचा नाही.

टिलव्यांत पाय बघा : छोट्या टिलव्याचे काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवट. मात्र चिखलानं माखलेले पाय सगळ्यांचे काळेच दिसतात, म्हणून छातीही बघा. टेमिंकची छाती एकसारखी करडी असते.

भोवत्ये. नर ओळखता येतात. पांढुरका भोवत्या फिका राखी, पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर. माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर मधोमध काळी रेघ आणि पोटावर तांबूस रेषा. तपकिरी माद्या आणि पिल्लं मात्र दूर उडताना अनुभवी माणसालाही ठरवता येत नाहीत. अशा वेळी "पांढुरका किंवा माँटेग्यूचा भोवत्या" असा जोड पर्याय ई-बर्डमध्ये आहे, तोच निवडा. तेही जमत नसेल तर नुसतं "भोवत्या". अर्धवट पण खरी नोंद कामाला येते. पूर्ण पण अंदाजानं केलेली नोंद दुसऱ्यांच्या नोंदींवरचाही विश्वास घालवते.

रोहित दोन प्रकारचे. मोठ्याची चोच गुलाबी, टोक काळं. छोट्याची चोच सगळीच गडद, आणि उंची बरीच कमी. उजनीवर प्रामुख्यानं मोठे, ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येनं छोटे. उजनीवर छोटा दिसला तर फोटो हवाच.

मराठी नावांचा घोटाळा वेगळाच. "करकोचा" हे नाव कुणी क्रौंचाला वापरतं, कुणी चित्रबलाकाला. दोघे अगदी वेगळ्या कुळांतले. वारकरी म्हणजे कुठे चांदवा (पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी), तर कुठे आणखी काही. ई-बर्डच्या सेटिंगमध्ये मराठी नावं निवडता येतात. तिथलं नाव नोंदीसाठी वापरा आणि मच्छीमार किंवा मेंढपाळ जे नाव सांगतील ते शेऱ्यात लिहून ठेवा. ती नावं कुणी लिहून ठेवली नाहीत तर जातील.

आवाज ओळखणारं मर्लिन ॲप उत्तम शिक्षक आहे, पण साक्षीदार म्हणून कच्चं. त्यानं नाव सुचवलं की तो पक्षी शोधायचा, पाहायचा किंवा आवाज स्वतः ताडून घ्यायचा आणि मगच लिहायचं.

मोजणी

सगळ्या लेखातलं महत्त्वाचं काम हेच. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो सगळेच काढतात, थापट्ये मोजायला फार थोडे थांबतात. देशभरातल्या सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ज्या जातींच्या धोक्याच्या जागतिक दर्जाचा फेरविचार व्हावा असं सुचवलं आहे, त्यांत थापट्या, चक्रांग बदक आणि साधी तुतारी आहेत. म्हणजे कुठल्याही तलावावर सहज दिसणारे पक्षी. त्यांची घट कळली ती कुणीतरी वर्षानुवर्षं आकडे लिहिले म्हणून.

शंभरापर्यंत पक्षी असतील तर एकेक मोजा, डावीकडून उजवीकडे, एखादं झाड किंवा होडी खूण धरून. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा आणि ते दुर्बिणीत केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवा. तशा पाच जागा मिळून पन्नास, आणि मग पन्नासाच्या मापानं थवा मोजत जा. दोनदा मोजून सरासरी घ्या. नवखा माणूस बहुतेक वेळा कमी मोजतो, कारण मागचे पक्षी पुढच्यांनी झाकलेले असतात.

मिश्र थव्याला दोन टप्पे लागतात. समजा एकूण १२०० बदकं आहेत. थव्याच्या कडेला, मध्ये आणि दुसऱ्या टोकाला अशा तीन-चार जागा निवडून मिळून २०० बदकांची जातवार मोजणी करा. त्यांत ११० तलवार, ६० थापट्ये आणि ३० भुवई बदकं निघाली, तर पूर्ण थव्यासाठी ६६०, ३६० आणि १८० लिहा, आणि शेऱ्यात "नमुन्यावरून अंदाज" असं नोंदवा. नमुना एकाच कोपऱ्यातून घेतला तर आकडा चुकतो, कारण प्रत्येक जात आपापली खोली धरून असते. थापट्ये उथळ पाण्यात, तर चांदवे खुल्या, खोल पाण्यावर.

थवा उडून पुन्हा बसला तर मोजणी नव्यानं करायची, आधीच्या आकड्यात भर घालायची नाही.

ई-बर्डवर यादी

काठावर पोचल्यावर ॲपमध्ये यादी सुरू करा आणि निघताना थांबवा. किती वेळ, किती अंतर हे तेच मोजतं. एक यादी एका जागेची. तासाभराची, दोन-तीन किलोमीटरची यादी सर्वांत उपयोगी. अंतर ८ किलोमीटरच्या पुढे गेलं तर कोणता पक्षी कुठं होता हे कळेनासं होतं. जिल्ह्याची सीमा ओलांडताना यादी बंद करा आणि पलीकडे नवी सुरू करा, कारण नकाशावर टाचणी जिथं लागते त्या जिल्ह्यात सगळी यादी जमा होते. कुंभारगावहून होडीत बसून पलीकडच्या काठाला गेलात तर हे होडीतच करावं लागेल.

शेवटी ॲप विचारतं : ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? कावळा, साळुंकी, टिटवी, बगळे, सगळे लिहिले असतील तरच "हो". फक्त पाहुणे निवडून लिहिले असतील तर "नाही" म्हणा. यात कमीपणा काही नाही, पण खोटं "हो" महागात पडतं. पूर्ण यादीत पक्षी नाही म्हणजे तो तिथं दिसला नाही, असा अर्थ पुढे काढला जातो.

आकड्याच्या जागी फुली टाकता येते, म्हणजे "होता, मोजला नाही". नाइलाज असेल तरच टाका. "अंदाजे ४०" हा फुलीपेक्षा कितीतरी बरा आकडा.

या चुका रोज होतात. घरी येऊन यादी भरली आणि टाचणी घरावरच राहिली, मग सदाशिव पेठेत पट्टकादंब. सकाळी ७ऐवजी संध्याकाळचे ७ निवडले गेले. गटातल्या पाच जणांनी एकाच सहलीच्या पाच वेगळ्या याद्या भरल्या आणि ४६चे २३० झाले. एकानं यादी करून बाकीच्यांना ॲपमधूनच वाटली की हे टळतं.

वेगळी जात किंवा मोठा आकडा टाकला की ॲप तपशील मागतं आणि पुढे स्वयंसेवक परीक्षक विचारणा करू शकतात. ती शंका तुमच्या प्रामाणिकपणावर नसते. "खात्रीनं पाहिला" हे उत्तर नाही. उत्तर असं असावं : "अंदाजे ६० मीटरवर, सूर्य पाठीमागे, चार मिनिटं पाहिला. पाय पिवळट, छाती एकसारखी करडी, शेजारी छोटे टिलवे तुलनेला होते." अंतर, उजेड, वेळ, खुणा, आणि कोणती मिळतीजुळती जात का नाही.

गटात कळवताना

जिल्ह्याच्या व्हॉट्सॲप गटात बातमी लवकर पोचते, म्हणून चुकीची बातमीही लवकर पोचते. संदेशात "आज" हा शब्द लिहू नका. तो संदेश चार दिवस पुढे पाठवला जातो आणि रविवारी शंभर माणसं रिकाम्या काठावर उभी राहतात. नमुना असा :

"पट्टकादंब, ४६ (मोजून). कुंभारगाव काठ, ता. इंदापूर, जि. पुणे. ११ जानेवारी, स. ७.४० ते ८.१०. हरभऱ्याच्या शेतात चरत होते, नंतर पाण्यावर उतरले. फोटो सोबत. ओळख नक्की."

ओळख नक्की नसेल तर तसं लिहा आणि फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबला जातो, बारकावे जातात आणि फोटो काढल्याची तारीख-वेळही निघून जाते. पुढून, बाजूनं आणि उडताना असे तीन साधे फोटो ओळखीला एका सुंदर फोटोपेक्षा जास्त उपयोगी. बेभान क्रॉप करू नका. आजूबाजूचे पक्षी फोटोत असले की आकार कळतो.

काही गोष्टी गटात टाकायच्याच नाहीत. कुठलंही घरटं. घुबडाची दिवसाची बसायची जागा. भोवत्यांचा रात्रीचा मुक्काम. माळढोकासारख्या संकटातल्या पक्ष्याची जागा. ई-बर्डही काही संवेदनशील जातींची नेमकी जागा झाकतं, आपल्या गटानंही तोच नियम पाळावा. अशी नोंद वन विभागाला थेट कळवा.

उडणाऱ्या रोहितांच्या फोटोसाठी होडी थव्यात घालायला लावणं हा गुन्हा समजा. चरत असताना त्यांची डोकी पाण्यात असतात. माना एकदम वर झाल्या की होडी थांबवायची. सगळे एका दिशेला चालू लागले की मागे फिरायचं. होडीत बसण्याआधीच नावाड्याला सांगा, "थवा उडाला नाही तर जास्त देऊ." बहुतेक नावाडी पक्षी आपल्यापेक्षा चांगले ओळखतात, पण उडवतात ते गिऱ्हाईक मागतं म्हणून. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीसाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक विनाकारण उड्डाण महाग पडतं. कुरवांना (सीगलना) फरसाण टाकणंही त्याच जातीचं.

पायात कडी किंवा मानेत पट्टा दिसला तर

अशी नोंद हजारात एक असते, घाईत घालवू नका. कडी कोणत्या पायात, डाव्या की उजव्या. पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे. गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली. रंग, आणि दोन रंग असतील तर वरचा कोणता, खालचा कोणता. अक्षरं-आकडे जसे दिसले तसे, न दिसलेल्याच्या जागी प्रश्नचिन्ह. पट्टकादंबांच्या मानेत कधी अक्षरं लिहिलेला पट्टा असतो. मंगोलियात असे पट्टे घातलेले पक्षी भारतात दिसलेले आहेत. मिळतील तितके फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्षी कुठे, कधी कडी घालून सोडला होता हे शोधता आलं तर ते तुम्हालाही कळतं.

मेलेले पक्षी एका जागी दिसले तर हात लावू नका, पिशवीत भरून आणू नका. बर्ड फ्लू असू शकतो. फोटो, जागा, जात आणि संख्या लिहून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

वर्षातल्या तीन ठरलेल्या वेळा

५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, १२ला सलीम अलींची जयंती. नव्या माणसाला गटाबरोबर पहिल्यांदा जायला हा आठवडा सोयीचा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७पासून सुरू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, त्यात गच्चीवरून १५ मिनिटांची यादीही चालते.

पाणपक्षी गणनेसाठी एकच तलाव निवडा, घराजवळचा, दरवर्षी जाता येईल असा. भिगवणला मोजायला माणसं मिळतात, तुमच्या तालुक्यातल्या पाझर तलावाला मिळत नाहीत. पहिल्या वर्षी मोजणीची हद्द नकाशावर आखून ठेवा : कुठून सुरुवात, कुठे शेवट, कोणत्या तीन जागांवरून पाहायचं. पुढच्या वर्षी तीच हद्द, तीच वेळ. हद्द वाढवली की आकडा वाढतो आणि पक्षी वाढले असं वाटतं. तलाव कोरडा असेल, गाळात टिटवीसुद्धा नसेल, तरी जा आणि "पाणी नाही, पक्षी शून्य" असं लिहून तारखेसह गणनेचा फॉर्म पाठवा.